कढई न चढलेली दिवाळी

कोजागिरी उलटली की आमच्या मजल्यावर कुणाच्या तरी घरात चकलीची भाजणी भाजायला घेतात. कुणाच्या, ते बघायला मला उठावं लागत नाही. धन्यांचा वास आधी आला तर ते जिन्याजवळचं घर, तांदळाचा आधी आला तर शोभावहिनी. परळ-भोईवाड्यातली आमची बिल्डिंग चार मजली, प्रत्येक मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गॅलरी. दारं ज्याची त्याची, वास सगळ्यांचे. काल दुपारी तांदळाचा वास आला. मी पेपर खाली ठेवला. या वासाबरोबर मला दर वर्षी एकच दिवाळी आठवते, आणि ती अशी की तिच्यात आमच्या घरात काही भाजलं गेलं नाही की तळलं गेलं नाही. चांगल्या साठ-पासष्ट दिवाळ्या झाल्या आयुष्यात. किल्ले केले, फटाके उडवले, बोनस आणला. त्या सगळ्या एकमेकींत मिसळून गेल्यात. ही एवढी वेगळी राहिली आहे.

त्या वर्षी श्रावणात सुमन गेली. सुमन म्हणजे माझी बायको. सकाळी मेथीचं पाणी प्यायली, मला प्यायला लावलं, दुधाचं पातेलं उतरवायला वळली आणि उभ्या उभ्या खाली बसली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं होतं. मे महिन्यात मी सरकारी नोकरीतून रिटायर झालो होतो. आता दोघं सकाळी शिवाजी पार्कला फिरायला जायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मला ते फारसं पसंत नव्हतं. परळहून दादरला चालायला कशाला जायचं, रस्ते काय इथे नाहीत, असं माझं म्हणणं. या विषयावर आमचं दोन महिने चाललं होतं. मग विषयच राहिला नाही.

मी रडलो नाही. हे मी काही कौतुकानं सांगत नाही. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला त्यांची थोडी लाज वाटत होती, की ही मंडळी एवढी लांबून आली आणि आपल्याला काही जमत नाही. जेवण वाढलं की जेवायचो. कुणी झोपा म्हटलं की झोपायचो. इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, दात काढणारा काय करतोय ते कळतं पण दुखत नाही, तसं सगळं अंगच झालं होतं. तेराव्याला सुमनची एक म्हातारी मावशी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "एवढं जवस, एवढी नाचणी खाऊन काय मिळालं गं पोरीला?" मावशींचा हेतू वाईट नव्हता. मी विचार केला आणि मला ते बरोबर वाटलं. काय मिळालं?

कारण आमच्या घरात आजारी होतो तो मी. सुमनला गोळी म्हणून ठाऊक नव्हती. त्याच्या आठ वर्षं आधी आमच्या ऑफिसात तपासणीचा कॅम्प लागला होता. फुकट आहे म्हणून मी हात पुढे केला आणि साखर निघाली. थोडीथोडकी नाही, चांगली घसघशीत. घरी येऊन सांगितलं तेव्हा सुमन लाडू वळत होती, दिवाळी तोंडावर होती. तिनं हात धुतले, रिपोर्ट वाचला, आणि परातीतले वळायचे राहिलेले लाडू तसेच उचलून शेजारी देऊन आली. ती बालवाडीत शिकवायची. साठ पोरांना रांगेत हात धुवायला लावणाऱ्या बाईला एक नवरा म्हणजे काय जड जाणार! दुसऱ्या दिवसापासून ताटात आधी काकडी, मग भाजी, भात सगळ्यात शेवटी आणि तोही वाटीनं मोजून. जेवल्यावर बसायचं नाही. चप्पल घालायची, देवळापर्यंत जाऊन यायचं. पाऊस असला तर गॅलरीत फेऱ्या. गॅलरीत आम्ही दोघं मागेपुढे चालायला लागलो की पोरं म्हणायची, आली परेड.

आणि दिवाळी तर तिनं मुळापासूनच बदलली. पोहे तळायचे नाहीत, भाजायचे. चकल्या त्या गरम हवेच्या यंत्रात, जे आमच्या मुलीनं, रुचानं, बंगळुरूहून पाठवलं होतं. त्या चकल्या दिसायला अगदी चकलीसारख्या असत. त्याहून जास्त काही मला त्यांच्याबद्दल म्हणता येणार नाही. लाडू खजुराचे, जवसाचे, नाचणीचे. बरं, आपल्यापुरतं करावं आणि गप्प बसावं, तर तेही नाही. ही सगळी पौष्टिक मालमत्ता नातेवाइकांना भेट जायची. त्यासाठी वर्षभर कॉफीच्या, लोणच्याच्या काचेच्या बाटल्या जमवायची. गरम पाण्यात भिजत घालून वरचे कागद खरवडून काढायची, उन्हात वाळवायची. झाकणाला लाल कापड, त्याला दोरा, आणि पुढे बालवाडीच्या स्केचपेननं गोल गोल अक्षरात चिठ्ठी: साखर नाही. रोज एकच.

लोक बाटली हातात घेऊन उजेडात धरायचे. "अरे वा, पौष्टिक!" म्हणायचे. पदार्थाला लोक पौष्टिक म्हणतात तेव्हा काय म्हणायचं असतं ते मला कळायचं. सुमनला कळायचं नाही, किंवा कळून न कळल्यासारखं करायची. एका वर्षी आम्ही पहिल्या दिवशी तिच्या भावाकडे डोंबिवलीला बाटली दिली. भाऊबीजेला माझी चुलतबहीण गिरगावातून, फणसवाडीतून आली, तिनं मोठ्या प्रेमानं पिशवीतून बाटली काढली. लाल कापड, दोरा, साखर नाही, रोज एकच. डोंबिवलीहून ती बाटली कुठकुठे हिंडून फणसवाडीत पोचली कोण जाणे. एकही लाडू कमी झालेला नव्हता, म्हणजे 'रोज एकच' हेसुद्धा कुणी पाळलं नव्हतं. मी हसत सुटलो. सुमननं बाटली घेतली, बहिणीला म्हणाली, "थँक्यू हं, आम्हाला हे फार आवडतं." आणि खरंच पुढचे पंधरा दिवस आम्ही ते खाल्ले. पुढच्या वर्षी डोंबिवलीला तिनं दोन बाटल्या दिल्या.

मला आधार होता शोभावहिनींचा. त्या आमच्या दोन दारं पलीकडे. मालवणच्या बाजूच्या, पण मुंबईत चाळीस वर्षं काढलेल्या. एरवी आपल्यासारखंच बोलतात, घाबरल्या किंवा रागावल्या की मालवणी सुरू. दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी सुमन पूजेत असली की मी पेपर मागायला म्हणून त्यांच्याकडे जायचो. पेपर आमच्याकडेही यायचा. वहिनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा चपटा डबा काढायच्या. आत बेसनाचे लाडू. खरे. तुपातले. दोन लाडू, दोन चकल्या बशीत द्यायच्या आणि दाराकडे बघत म्हणायच्या, "भावजीनू, दोनच हां. वयनीक कळला तर माका सोडूची नाय."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या आडोशाला उभा राहून ते खायचो. पन्नाशी उलटलेला हेडक्लार्क, बायको-मुलीचा माणूस, फ्रिजमागे उभा राहून लाडू खातोय. पण त्या दोन लाडवांची चव सांगतो तुम्हाला, टाळूला चिकटायचे, जायफळाचा वास नाकात चढायचा, आणि पाठीमागे गॅलरीत चपलेचा आवाज आला की बशी फ्रिजमागे सरकवायचो. त्या धास्तीनं चव आणखी वाढायची. लाडू तसे लहान असायचे, लिंबाएवढे. गोडालाही जरा कमीच. वहिनींचा हात आखडता आहे असं माझं मत होतं, पण चोरीच्या मालाला नावं ठेवत नाहीत. चार दिवसांत चार फेऱ्या व्हायच्या. आठ वर्षं मी हे केलं आणि आठ वर्षं मला वाटत होतं की या घरात एक गोष्ट माझी आहे.

तर ती दिवाळी. आमच्या बिल्डिंगीत रीत अशी की ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात वर्षभर कढई चढवायची नाही. म्हणजे तळण नाही. कंदील नाही, रांगोळी नाही. पण ते घर फराळाशिवायही ठेवायचं नाही. शेजाऱ्यांनी आपल्या पहिल्या घाण्यातला फराळ देवापुढे ठेवून झाला की आधी त्या घरी पोचवायचा, मग स्वतःच्या पोरांना द्यायचा. एरवी शेजारचा डबा कुणी रिकामा परत करत नाही, निदान चिमूटभर साखर तरी आत टाकतात. दुखवट्याच्या घरातून मात्र डबा धुवून रिकामाच परत जातो आणि कुणी त्याचं वाईट वाटून घेत नाही. आम्हीही वर्षानुवर्षं असे डबे पोचवले होते. घ्यायची वेळ पहिल्यांदा आली होती.

रुचा येते म्हणाली होती. मीच नको म्हटलं. सण नाही, काही नाही, येऊन काय करणार, रजा वाया. ती रोज संध्याकाळी फोन करायची. "बाबा, गोळ्या घेतल्यात?" हो. "फिरून आलात?" हो. "साखर बघितली? किती आली?" आणि मी आकडा सांगायचो. एकशे बेचाळीस. दुसऱ्या दिवशी एकशे छत्तीस. मध्येच एखाद दिवस एकशे एकसष्ट, म्हणजे तिला खरं वाटावं. सदतीस वर्षं सरकारी नोकरीत काढली आहेत, पटणारे आकडे कसे लिहायचे ते मला शिकवायला नको. साखर मोजायचं यंत्र ड्रॉवरमध्ये होतं, सुमन गेली त्या दिवशी होतं तिथेच. गोळ्यांची आठवड्याची डबी ती रविवारी भरायची. तिनं भरलेली शेवटची डबी संपली, मग मी गोळ्या आठवतील तशा घेत होतो. बहुतेक आठवत नसत.

तहान फार लागायची. तांब्या उशाशी घेऊन झोपायचो. पॅंट कमरेत सैल झाली, पट्ट्याला नवीन भोक पाडलं. आठ वर्षं ज्या खुणांची भीती घालून घेतली होती त्या एकेक करून आल्या आणि मी त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला झालो. गैरसमज नको, मला मरायचं नव्हतं. तसलं काही डोक्यात नव्हतं. फक्त, जिनं सगळं पाळलं ती गेली आणि न पाळणारा राहिला, तर मग चप्पल घालून देवळापर्यंत चालत जायचं कशासाठी, ते मला सापडत नव्हतं.

पहिल्या दिवशी पहाटे फटाक्यांनी जाग आली. गॅलरीत उटण्याचा वास होता, कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता. आमच्या दारावर कंदील नव्हता, पण डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन लागले होते, त्यांचा उजेड व्हायचा तो आमच्या दारावर होतच होता. मी नेहमीच्या वेळी नेहमीच्या साबणानं अंघोळ केली. सात वाजल्यापासून डबे यायला लागले. येणारी बाई दारातून हाक मारायची, डबा टेबलावर ठेवायची, दोन क्षण उभी राहायची आणि "येते हं" म्हणून जायची. दहापर्यंत टेबलावर नऊ डबे झाले. स्टीलचे, प्लास्टिकचे, एक पितळी.

मी खायला बसलो. बसलो म्हणजे उभाच होतो. एक डबा उघडला, चार करंज्या खाल्ल्या. दुसरा उघडला, शंकरपाळे मुठीनं. आठ वर्षं ज्यासाठी जीव टाकत होतो ते सगळं समोर उघडं होतं आणि कुणी "अहो" म्हणणारं नव्हतं. चिवडा चावत होतो, त्याचा कुरकुर आवाज येत होता, पण चव लागत नव्हती. तिखट कुठलं, गोड कुठलं, एवढंच कळायचं. असं वाटलं की कमी खाल्ल्यामुळे होत असेल, म्हणून आणखी खाल्लं. तीन दिवस मी हेच केलं. भूक नव्हती, आवड नव्हती. डबे होते, म्हणून.

शोभावहिनी पाडव्याला आल्या. आधीचे दोन दिवस का आल्या नाहीत हे मी मनाशी विचारलंही नव्हतं. त्यांनी तो वरच्या फळीवरचा चपटा डबा माझ्या हातात दिला. मी झाकण उघडलं. लाडू मोठे होते, एकेक माझ्या मुठीत मावणार नाही एवढा, वर बेदाणा. त्या समोर उभ्या होत्या म्हणून मी एक तोंडात घातला. साखर दाताखाली करकरली. जायफळाचा मागमूस नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा मला कशाची तरी चव कळली, ती म्हणजे, हे ते नव्हेत.

"वहिनी, या वर्षी लाडू मोठे केलेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डब्याकडे. "भावजीनू, तुमका खरांच म्हायत नाय?"

"काय?"

"माझे नाय होते ते लाडू. वयनीचे होते."

त्या दारातच खाली बसल्या, पाय गॅलरीत, आणि रडत रडत सांगायला लागल्या. दर वर्षी वसुबारसेच्या आधी एक दुपार सुमन त्यांच्याकडे जायची. मी ऑफिसात असायचो. "बेसन स्वतःचं आणायची, तूप स्वतःचं. माझ्या गॅसवर भाजायची, माझ्या डब्यात भरायची. साखर निम्मी, जायफळ जास्त. लिंबाएवढाच वळायचा, हा तिचा हुकूम. एकदा मी जरा मोठा वळला तर मोडून परत वळायला लावला मला! मी म्हटलं, अगं वहिनी, घरातच का देत नाहीस? तर म्हणाली, घरात ठेवले तर दहा खातील हो. तुमच्याकडे लाजेनं दोनच खातील."

मी तोंडातला घास गिळला. "आणि चकल्या?"

"चकल्या माझ्याच. पण दोनच्या वर द्यायच्या नाहीत, असं तिनं बजावलं होतं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "या वर्षी पण मी तसेच करणार होते. बेसन काढून ठेवलं, दोन दिवस बघत बसले. दुखवट्याच्या घरात निम्म्या साखरेचे लाडू कसे आणायचे? माझा हातच होईना. म्हणून उशीर झाला. रागावलात तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं.

मी रागावलो होतो. सुमन गेल्यानंतर मला पहिल्यांदा जर काही वाटलं असेल तर तो राग. वहिनींवर नव्हे, तिच्यावर. आठ वर्षं मी फ्रिजमागे उभा राहून खातोय, चपलेच्या आवाजानं दचकतोय, बनियनला पुसून हात लपवतोय, घरी येऊन निरागस तोंड करून तिच्या जवसाच्या लाडवाला हात लावतोय, आणि ही बाई समोर बसून म्हणतेय, "अहो, एकच हं." तिला सगळं ठाऊक. किती वाजता गेलो, किती खाल्ले, सगळं. एकदा माझ्या मिशीला बेसन लागलं होतं, ते तिनं पदरानं पुसलं आणि म्हणाली, काहीतरी लागलंय, पावडर असेल. पावडर! वहिनी गेल्यावर मी खोलीत फेऱ्या मारायला लागलो. काय बोलायचं ते एकेक सुचत होतं. मला काय बालवाडीतला समजलीस? शेजारपाजारात हसं केलंस माझं. आणि तुझं ते जायफळ मला आधीपासून जास्त वाटत होतं, हेही सांगणार होतो. मी चांगलं मुद्देसूद भांडण तयार केलं. मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि तिथे उभा राहिलो.

काय करायचं कळेना म्हणून डबा ठेवायला वरचं कपाट उघडलं. आत वर्तमानपत्र अंथरून त्यावर काचेच्या बाटल्या उपड्या घातलेल्या होत्या. कागद काढलेल्या, पुसून लख्ख केलेल्या. बाजूला लाल कापडाचे चौकोन कापून ठेवलेले. त्या दिवाळीसाठी तिनं श्रावणापर्यंत जमवलेल्या होत्या त्या. मी कपाट बंद केलं. राग गेला होता आणि त्याच्या जागी काही आलं नव्हतं. पुन्हा सगळं होतं तसं झालं.

त्या बाटल्या आता मी वापरतो. रुचाचं म्हणणं आहे की मी आईपेक्षा वाईट नाचणीचे लाडू करतो, आणि ते खरं आहे. लाडू वळायला धीर लागतो, तो माझ्याकडे नाही, माझे लाडू नातेवाइकांच्या घरी पोचेपर्यंत पीठ झालेले असतात. तरी दर वर्षी सात-आठ बाटल्या भरतो. लोक उजेडात धरून बघतात आणि "पौष्टिक!" म्हणतात. डोंबिवलीला दोन देतो. शिवाजी पार्कलाही जातो हल्ली, सकाळी, एकटा. रस्ते इथेही आहेत हे माझं मत अजून कायम आहे.

मावशींच्या प्रश्नाचा विचार मी पुष्कळ केला आहे. काय मिळालं तिला? मी तेव्हा तो हिशेब तिच्या बाजूनं मांडत होतो, म्हणून तो शून्य येत होता. सुमनला जवस आवडायचं नाही. नाचणी तर त्याहून नाही. चावताना ती खिडकीबाहेर बघायची आणि पटकन पाणी प्यायची. लग्नाआधी तिच्या माहेरी परडीतून जिलब्या यायच्या, त्यातली एकही ती सोडायची नाही, हे तिच्या भावानं मला सांगितलेलं. आठ वर्षं त्या बाईनं घरात गोडाला हात लावला नाही, मी एकटा पडेन म्हणून. ते स्वतःचं शरीर सांभाळायला नव्हतंच. मावशींना हे मी कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, पण त्याही आता नाहीत.

त्या दिवाळीतलं एक सांगायचं राहिलं. भाऊबीजेचा दिवस. पाडव्याची रात्र मी वहिनींच्या लाडवाचा डबा तसाच ठेवून झोपलो होतो. दिवसभर काही खाल्लं नाही, नुसतं पाणी पीत होतो. पायांत गोळे येत होते. खाली कुणाची तरी भावंडं हसत जिना चढत होती. संध्याकाळी सातच्या सुमारास रुचाचा फोन आला. गोळ्या घेतल्यात? फिरून आलात? आणि मग, "आज किती आली, बाबा?"

माझ्याकडे आकडा तयार होता. एकशे एकोणचाळीस. तोंडापर्यंत आला आणि तिथेच थांबला. ही पोरगीही मला तिकडून राखतेय आणि मी पुन्हा फ्रिजमागे उभा आहे, असं काहीतरी वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही.

"बघितली नाही," मी म्हटलं.

"आज नाही?"

"आई गेल्यापासून नाही."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केला, तोही आवाज आला. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. "मशीन कुठे आहे?" तिनं हळू विचारलं.

"ड्रॉवरमध्ये."

"आणा. मी फोन ठेवत नाही."

फोन टेबलावर डब्यांच्या मध्ये ठेवला, स्पीकर लावला. निळी पिशवी उघडली. पट्ट्यांच्या डबीवर स्केचपेननं तारीख लिहिलेली होती, उघडली तेव्हाची. पट्टी खाचेत सरकवली. मग ते सुईचं पेन हातात घेतलं आणि मला कळलं की आठ वर्षांत मी स्वतःच्या बोटाला ते कधी लावलेलं नाही. मी हात पुढे करायचो आणि टीव्हीकडे बघायचो. पुढचं ती करायची. कुठल्या बोटाला, किती दाबायचं, काही ठाऊक नव्हतं.

"बाबा? टोचलंत का?"

मी बोटाच्या अगदी मधोमध धरलं आणि दाबलं. टच् आवाज झाला. रक्त भराभर आलं, पट्टीवर घेतलं, टेबलावरही सांडलं. यंत्र थोडं थांबलं आणि आकडा आला. तीनशे एक्याऐंशी. मी तो जसाच्या तसा वाचून दाखवला.

रुचा म्हणाली, "मी उद्या सकाळच्या फ्लाइटनं येते."

"ये," मी म्हटलं.

माझा आवाज तिला वेगळा वाटला असावा. "बाबा, काय झालं? जास्त खोल गेली का सुई? दुखतंय?"

मी बोटाकडे पाहिलं. ते ठणकत होतं, अगदी हाडापर्यंत.

"हो गं," मी म्हटलं. "फार दुखतंय." आणि मग मी तिथेच डब्यांवर डोकं ठेवलं, आणि ती तिकडून बाबा, बाबा म्हणत राहिली.